यादी कुणाकडे आहे?

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, डिंभे धरणाच्या कडेकडेनं आहुप्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या कुठल्याही वाडीत सकाळी गेलात, तर चुलीवर तवा आणि तव्यावर तंबाखू भाजताना दिसण्याची शक्यता आहे. पानं काळी पडेपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची. ही मिश्री. ती आधी बोटानं दातांना लावली जाते, मग दिवसातून दोन-चारदा नुसतीच हिरडीशी धरून ठेवली जाते. भात लावताना, हिरडा गोळा करताना, दुपारी टेकल्यावर. बाई विडी ओढत नाही, गुटखा खात नाही, म्हणून तिला विचारलं, "मावशी, तंबाखू खाता का?" तर ती खरेपणानं "नाही" म्हणते. मिश्री तिच्या लेखी तंबाखू नाहीच, ती दात घासायची वस्तू आहे. आशाताईच्या फॉर्मवरचा प्रश्न नीट विचारला गेला नाही, तर तोंडाच्या कॅन्सरच्या सगळ्यात जास्त धोक्यातली बाई पहिल्याच पायरीवर तपासणीच्या यादीतून गळते.

पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांना कॅन्सरच्या तपासणीचा अनुभव नवा नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे दंतवैद्यक संशोधक डॉ. फली मेहता आणि कोपनहेगनचे डॉ. येन्स पिंडबोर्ग यांच्या गटानं या जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं घरोघर जाऊन तपासली आणि १९७२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तोंडातला पांढरा चट्टा, तंबाखूची सवय आणि कॅन्सर यांचा संबंध जगाला समजावून देणाऱ्या अभ्यासांत त्याची गणना होते. बॅटरीचा उजेड, स्वच्छ बोटं आणि बघायला शिकलेली नजर, एवढंच त्याला लागत होतं. त्यानंतर पन्नास वर्षं गेली. तोंड उघडून बघणं हे काम आजही तेवढंच सोपं आहे, आणि आजही ते नेमानं होत नाही. या प्रकरणात देशोदेशीच्या तपासण्या शेजारी ठेवून बघायच्या आहेत, त्या या एका कोड्यासाठी.

आधी शब्दाचा अर्थ. त्रास होतो म्हणून डॉक्टरकडे जाणं वेगळं आणि काहीही होत नसताना तपासून घेणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला चाळणी तपासणी म्हणतात. धान्य चाळताना सगळंच चाळावं लागतं, खडा कुठे आहे हे आधी माहीत नसतं. चाळणीत जे अडकतं ते सगळं खडाच असतं असंही नाही, ते पुन्हा हातात घेऊन बघावं लागतं. म्हणजे काम दोन टप्प्यांचं. पहिल्या टप्प्याची छायाचित्रं वर्तमानपत्रात येतात. जीव वाचतो तो दुसऱ्या टप्प्यात.

गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, आपल्याकडच्या बायका ज्याला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात, तो चाळणीसाठी जणू घडवलेला आहे. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा, म्हणजे एचपीव्हीचा, संसर्ग होतो. बहुतेकींचं शरीर तो दोन-एक वर्षांत घालवून टाकतं. थोड्या जणींमध्ये तो टिकतो, पेशी हळूहळू बदलतात आणि त्यातल्या काहींचा कॅन्सर व्हायला दहा, पंधरा, वीस वर्षं लागतात. एवढ्या लांब काळात एकदा जरी कुणी नीट बघितलं, तर बदललेला भाग गोठवून किंवा जाळून काढता येतो आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. तरीही भारतात वर्षाला सुमारे सव्वा लाख बायकांना हा कॅन्सर होतो आणि ऐंशी हजारांच्या आसपास मरतात. ज्या आजाराला थांबवायला वीस वर्षांची मुदत मिळते, त्या आजारानं एवढी माणसं जावीत याचं दुःख आकड्यात मावत नाही.

आता उत्तर युरोपात जाऊ. तिथे शेजारी-शेजारी पाच देश, राहणीमान बरंचसं सारखं, डॉक्टर सारखे, पॅप तपासणीही, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, तीच. फरक एवढाच, की १९६०च्या दशकापासून फिनलंड आणि आइसलँडनं प्रत्येक बाईला नावानं पत्र पाठवायला सुरुवात केली. नॉर्वेनं तपासणी डॉक्टर आणि बाई यांच्या मर्जीवर सोडली, पत्राची व्यवस्था लोकसंख्येच्या जेमतेम ५ टक्क्यांपुरती होती. १९८७ साली 'लॅन्सेट'मध्ये या देशांची तुलना छापून आली. १९६५ ते १९८२ या काळात या कॅन्सरचे मृत्यू आइसलँडमध्ये ८० टक्क्यांनी घटले, फिनलंडमध्ये ५० टक्क्यांनी, स्वीडनमध्ये ३४, डेन्मार्कमध्ये २५ आणि नॉर्वेत फक्त १० टक्क्यांनी. नॉर्वेत तपासण्या कमी होत होत्या असं नाही. ज्या बायका स्वतःहून जात, त्याच पुन्हा पुन्हा जात होत्या, आणि ज्यांना गरज होती त्या घरीच होत्या.

ब्रिटननं हाच धडा स्वतःच्या खर्चानं घेतला. तिथे १९६४पासून सरकारी सेवेत पॅप तपासणी होती. लाखो काचपट्ट्या तपासल्या गेल्या, पण मृत्यूंवर परिणाम फारसा दिसेना. १९८८ साली त्यांनी संगणकावर यादी केली. ठरलेल्या वयाच्या प्रत्येक बाईला पत्र, आली नाही तर पुन्हा पत्र, दोष निघाला तर कुठे जायचं ते पत्रातच. त्यानंतर मृत्यू झपाट्यानं उतरले. पट्टी तीच होती, सूक्ष्मदर्शकही तोच. बदलली होती ती यादी.

मला हे या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं ज्ञान वाटतं. आपल्याकडे तपासणी म्हटलं की शिबिर डोळ्यांपुढे येतं. मंडप, फलक, रांग, संध्याकाळी 'एवढ्या महिलांनी लाभ घेतला' अशी बातमी. शिबिर भरवणाऱ्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पण शिबिराला आलेल्यांची नोंद असते, न आलेल्यांची नसते. फिनलंडच्या यादीचं मोल न आलेल्या बाईचं नाव ठाऊक असण्यात होतं.

यादी चुकीच्या गोष्टीसाठी वापरली तर काय होतं, हेही बघितलं पाहिजे. दक्षिण कोरियानं १९९९पासून राष्ट्रीय तपासणी कार्यक्रम उभारला, त्यात जठराच्या कॅन्सरसाठी चाळिशीपुढच्यांना दुर्बिणीची तपासणी आली, आणि तो आजार तिथे फार असल्यानं ते योग्यच होतं. पण त्याबरोबर दवाखान्यांतून थोडे जादा पैसे घेऊन गळ्याची सोनोग्राफीही होऊ लागली. १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कॅन्सरचं निदान पंधरा पटींनी वाढलं. २०११ या एका वर्षात चाळीस हजारांहून अधिक लोकांना तो असल्याचं सांगितलं गेलं. मृत्यूंचा आकडा मात्र होता तिथेच राहिला. सापडलेल्या बहुतेक गाठींनी त्या माणसांना आयुष्यभर काही केलं नसतं. त्यांच्या ग्रंथी काढल्या गेल्या, गोळ्या जन्माच्या लागल्या. जपाननंही तान्ह्या बाळांच्या लघवीवरून होणारी न्यूरोब्लास्टोमा या बालपणीच्या कॅन्सरची देशव्यापी तपासणी जवळजवळ वीस वर्षं चालवून २००३ साली थांबवली, कारण सापडणाऱ्या गाठी बऱ्याचदा आपोआप विरणाऱ्या होत्या. ज्या तपासणीनं मृत्यू कमी होतो असं सिद्ध झालेलं नाही, ती निरोगी माणसावर करू नये. मोठ्या शहरांतल्या 'फुल बॉडी चेकअप'च्या जाहिराती आता मंचर-नारायणगावच्या चौकातही दिसतात, म्हणून हे ठासून सांगतो.

मग आपल्या मातीत काय सिद्ध झालं आहे? याचं उत्तर महाराष्ट्रानंच जगाला दिलं आहे आणि ते आपल्याच लोकांना फारसं माहीत नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ साली ग्रामीण भागातली भारतातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू झाली. नोंद करणारी माणसं गावोगाव हिंडायची, पारावर बसायची, अंगावरून पांढरं जाणं किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं हे दडवू नका म्हणून सांगायची. काही वर्षांत दिसलं, की नुसत्या या बोलण्यानं बायका आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या. त्याच बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयानं, मुंबईचं टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिआँची आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांच्यासोबत, १९९९पासून शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, एक मोठा अभ्यास केला. ४९७ गावं, ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट वाटले गेले. एका गटाची एचपीव्ही तपासणी, दुसऱ्याची पॅप, तिसऱ्याची व्हीआयए, म्हणजे पिशवीच्या तोंडावर व्हिनेगरसारखं पातळ ॲसेटिक ॲसिड लावून मिनिटभरानं पांढरा डाग उठतो का ते बघणं. चौथ्या गटाला नेहमीची सेवा.

आठ वर्षांनंतरचा हिशेब २००९ साली प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरनं ३४ मृत्यू झाले, तपासणी न झालेल्या गटात ६४. गट साधारण सारख्याच आकाराचे होते. म्हणजे एका तपासणीनं मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पॅप आणि व्हीआयए एकदाच करून तसा ठोस फरक दिसला नाही. एचपीव्ही निगेटिव्ह आलेल्या बाईला पुढच्या वर्षांत कॅन्सर होण्याचं प्रमाण व्हीआयए निगेटिव्ह आलेल्या बाईच्या साधारण चौथ्या हिश्शाइतकं होतं. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्स यांनी पुढे पॅप मागे ठेवून एचपीव्ही तपासणी पुढे आणली. त्या निर्णयामागच्या पुराव्यांत मराठवाड्यातल्या, हातात खुरपं घेऊन राबणाऱ्या बायकांचाही वाटा आहे.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली टाटा रुग्णालयानं १९९८पासून वेगळा प्रयोग केला. तिथे डॉक्टर नव्हे, तर चार आठवडे प्रशिक्षण दिलेल्या शिकलेल्या साध्या बायका व्हीआयए करत होत्या. दर दोन वर्षांनी एक, अशा चार फेऱ्या. दीड लाख बायकांच्या या अभ्यासात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. धाराशिवमध्ये एकदा बघून न साधलेलं काम मुंबईत चारदा बघून साधलं. व्हिनेगरची पद्धत बघणाऱ्याच्या नजरेवर चालते, आणि नजर पुन्हा पुन्हा बघण्यानं तयार होते. त्याच बायकांनी हातानं स्तनांची तपासणीही केली. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ साली दिसलं, की पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी होते. पन्नाशीच्या आत मात्र फायदा दिसला नाही. मॅमोग्राफीचं यंत्र नसलेल्या तालुक्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे.

या अभ्यासांवर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणं मला पटत नाही. तपासणीनं जीव वाचतात हे पश्चिमेत माहीत असताना हजारो गरीब बायकांचा गट तपासणीविना कसा ठेवला? 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये यावर कडाक्याची चर्चा झाली. संशोधकांचं म्हणणं होतं, की त्या काळी भारतातली नेहमीची सेवा म्हणजे तपासणीच नसणं, आणि आपल्या परिस्थितीत काय चालतं हे सिद्ध झाल्याशिवाय सरकार हलणार नव्हतं. मला दोन्ही बाजूंमध्ये सत्य दिसतं. पण त्या तपासणीविना राहिलेल्या बायकांचं ऋण कुणावर असेल, तर ते निष्कर्ष हाती आल्यावरही हात न हलवणाऱ्यांवर आहे. चूक कळल्यावर हात हलवता येतो, हे न्यूझीलंडनं दाखवलं. तिथे ऑकलंडच्या एका रुग्णालयात बायकांवर पुरेसे उपचार न करता नुसतं निरीक्षण चाललं होतं. १९८७ साली ते उघड झालं, १९८८ साली न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांच्या चौकशीचा अहवाल आला आणि त्यातून काही वर्षांतच देशव्यापी तपासणी कार्यक्रम उभा राहिला.

भारतानं २०१६ साली आराखडा केला. ३० ते ६५ वयाच्या प्रत्येकाची तोंडाची, आणि बायकांची स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी, पाच वर्षांतून एकदा. आशाताईनं घरोघर फॉर्म भरायचा, उपकेंद्रावर सिस्टर आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यानं तपासायचं, संशय आला तर वर पाठवायचं. कागदावर हा आराखडा फिनलंडच्या यादीसारखाच आहे. पण २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या होत्या १.९ टक्के. स्तनांची ०.९ टक्के. तोंडाचीही ०.९.

शंभरातल्या नव्व्याण्णव जणींच्या तोंडात कुणी बॅटरी मारून बघितलंच नाही! तैवाननं २००४पासून तेवढंच केलं. सिगारेट ओढणाऱ्या आणि सुपारी चघळणाऱ्या तिशीपुढच्या लोकांची दर दोन वर्षांनी तोंडाची तपासणी. स्वतःहून येणारे लोक मुळातच जास्त काळजी घेणारे असतात, हे वजा करूनही त्यांना मृत्यूंत सुमारे २६ टक्के घट दिसली. त्याआधी १९९६पासून तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या १३ पंचायतींत झालेल्या अभ्यासानं तंबाखू-दारूची सवय असलेल्यांमध्ये ३४ टक्के घट दाखवली होती. सवय असलेल्यांना शोधायचं, त्यांच्याच तोंडात बघायचं, हे दोन्हीकडचं सूत्र. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात त्याचा अर्थ सरळ आहे. फॉर्मवर 'तंबाखू' विचारून थांबायचं नाही, मिश्रीची डबी विचारायची.

या दोन तालुक्यांना दोन रूपं आहेत. पूर्वेला कुकडी-घोडचं पाणी, ऊस, टोमॅटो, द्राक्षं, पुणे–नाशिक महामार्ग, मंचरचं उपजिल्हा रुग्णालय. पश्चिमेला नाणेघाटापासून भीमाशंकरपर्यंतची सह्याद्रीची धार, महादेव कोळी आणि ठाकर वस्त्या, पावसाळ्यात चार महिने धुकं आणि निसरडी वाट. जुलै २०१४मध्ये याच पट्ट्यातलं माळीण डोंगराखाली गेलं. इथली माणसं वर्षभर एका जागी नसतात. मार्च ते मे बाळहिरडा गोळा करायचा, जून-जुलैत भाताची आवणी, भात काढून झालं की बिऱ्हाड पाठीवर घेऊन बागायती पट्ट्यात. नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर सकाळी उभ्या असलेल्या बायकांत पश्चिमेकडच्या वाड्यांतल्या किती तरी जणी असतात. त्यातल्या एकीचं नाव तिच्या वाडीच्या आशाताईच्या वहीत आहे, बाई मात्र चार महिने नारायणगावजवळच्या शेतावर आहे. तिथल्या आशाताईच्या वहीत ती नाही. फिनलंडची यादी माणसानं घर बदललं की पत्ता बदलत असे. आपली यादी गावाला बांधलेली आहे आणि माणूस कामाला.

दुसरी गळती पुढच्या वाटेवर होते. समजा, उपकेंद्रावर व्हीआयएमध्ये पांढरा डाग दिसला. चिठ्ठी मिळते घोडेगाव, जुन्नर किंवा मंचरची. तिथून कोल्पोस्कोपीसाठी, म्हणजे पिशवीचं तोंड दुर्बिणीतून मोठं करून बघण्यासाठी, पुण्यातलं औंध किंवा ससून रुग्णालय. प्रत्येक खेपेला एक दिवसाचा रोज बुडतो, एसटीचं भाडं, सोबतीला कुणीतरी, आणि घरी सांगायचं काय? त्रास तर काहीच होत नाही! बाहेर रक्त नाही, दुखत नाही. नवरा म्हणतो, सुगी झाल्यावर बघू. सासू म्हणते, आमच्या वेळी कुणी असलं काही बघत नव्हतं. तिसऱ्या खेपेपर्यंत टिकणं हे धैर्याचं काम आहे आणि आपण ते एकट्या बाईवर टाकतो. कॅन्सर झाल्यावर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार मिळतात. तो होऊ नये म्हणून करायच्या बसप्रवासाचे पैसे मात्र तिचे तिला.

म्हणून 'एका खेपेत सगळं' या पद्धतीला मी इतकं महत्त्व देतो. थायलंडच्या रोई एत प्रांतात २०००च्या सुमारास परिचारिकांनीच व्हिनेगर लावून बघितलं आणि डाग दिसला तर तिथल्या तिथे गोठवून टाकला. आता त्यासाठी गॅसचं सिलिंडरही लागत नाही. बॅटरीवर चालणारं, हातात मावणारं थर्मल ॲब्लेशनचं यंत्र मिनिटभरात तो भाग जाळतं. दुसरा बदल तपासणीतला. एचपीव्हीचा नमुना बाईला स्वतःच, आडोशाला जाऊन, मऊ काडीनं घेता येतो. ऑस्ट्रेलियानं जुलै २०२२पासून ही मुभा प्रत्येक बाईला दिली, मलेशियानं २०१८पासून त्याला मोबाइलची जोड दिली आणि निकाल फोनवर पाठवला. टेबलावर पाय वर घेऊन पडायची लाज हे तपासणी न करण्याचं केवढं मोठं कारण आहे, ते कुठल्याही सिस्टरला विचारा. फोनवर निकाल आला, तर बाई नारायणगावला असो की आहुप्याला, तो तिच्यापर्यंत पोचतो.

एचपीव्हीवरची लस हा तिसरा धागा. त्याचं एक टोक पुण्यातच आहे. भारतात २००९ साली सुरू झालेल्या, पुण्याचाही सहभाग असलेल्या अभ्यासात मुलींना तीन किंवा दोन डोस द्यायचे होते. २०१०मध्ये सरकारनं लसीचे अभ्यास थांबवले आणि काही मुलींना एकच डोस मिळालेला राहिला. त्यांचा माग सोडला नाही, म्हणून २०२१ साली कळलं, की एक डोसही टिकणारा संसर्ग जवळजवळ तेवढाच रोखतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली एका डोसाला मान्यता दिली, त्यामागच्या पुराव्यांत हाही होता. पुढच्याच जानेवारीत पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हाव्हॅक' लस बाजारात आली. पण लस आज नऊ ते चौदा वर्षांच्या मुलीसाठी आहे. तिची आई पस्तिशीची आहे, आजी पन्नाशीची. त्यांच्यासाठी तपासणीच आहे.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत दुसऱ्यांदा चांगली तपासणी. आयुष्यात दोनदा. पश्चिम आंबेगाव-जुन्नरमध्ये त्या दोन वेळा कधी गाठायच्या, हे इथल्या बाईचं वर्ष सांगतं. हिरडा संपतो आणि आवणी लागायची असते, त्या मधल्या दिवसांत माणसं वाडीवर असतात, रस्ते कोरडे असतात, एसटी वरपर्यंत जाते. मे अखेरीचे ते पंधरा दिवस. आशाताईच्या वहीत त्या पंधरवड्यासाठी दोन जादा रकाने आखायला हवेत. एक, बाई हंगामात कुठल्या गावी आणि कुणाच्या शेतावर जाते. दुसरा, चिठ्ठी दिली त्या दवाखान्यात ती पोचली का, आणि पोचली नसेल तर तिला आणायला कोण गेलं.